शहराकडे कलणारी बोट

मित्रांनो, मी एक जुनी बोट आहे. मासे धरणारी नव्हे आणि माल वाहणारीही नव्हे. माणसांना पाठीवर घ्यायचे, समुद्रातून त्यांचेच शहर त्यांना दाखवायचे आणि पुन्हा त्याच धक्क्यावर आणून सोडायचे, एवढेच माझे काम. मला कुठेच पोहोचायचे नसते. शेजारच्या मालवाहू बोटी त्यामुळे माझ्याकडे जरा नाक मुरडूनच बघतात.

आता माझा रंग उडाला आहे. तळाच्या फळ्यांतून पाणी झिरपते आणि ते उपसणारा पंप दिवसभर खोकत असतो. त्यातून मी एका अंगाने कलले आहे. धक्क्याला रिकामी उभी असले तरी माझी डावी बाजू खालीच राहते. बघणाऱ्याला वाटते, म्हातारपण आले, दुसरे काय! ते अगदीच खोटे नाही. पण मी डावीकडेच का कलले, हे कोणी विचारत नाही. ते मला तुम्हाला सांगायचे आहे, आणि ते सांगायचे तर माहितीबाईंबद्दल सांगावे लागेल.

माझा जन्म खाडीच्या काठी, एका उघड्या शेडमध्ये झाला. एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांनी लाकडाला वाफ देऊन देऊन त्याची बाकदार फळी केली, फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठासला आणि वरून राळ ओतली. प्रत्येक फळीवर ते हातोडी टकटक वाजवून कान लावून ऐकत. एखादी फळी बदसूर वाजली की काढून टाकत. मला पाण्यात सोडायच्या आधी ते मालकांना म्हणाले, "ही माल न्यायची बोट नाही, माणसांना शहर दाखवायची बोट आहे. काही दिसलं की सगळे एका बाजूला धावणार. म्हणून मी हिचं पोट रुंद ठेवलंय. तरी बोलणारा माणूस चांगला ठेवा, लोकांना आवरणारा."

मालकांनी ते ऐकले. तेव्हाचे मालक ऐकणारे होते.

पहिल्या वर्षी माझा काय थाट होता! पांढराशुभ्र रंग, कमरेला निळा पट्टा, वर कापडी छत आणि मऊ गाद्यांची बाके. लोक माझ्यासमोर उभे राहून फोटो काढत. नवीन लग्न झालेली जोडपी मागच्या बाकावर बसत आणि शहर सोडून एकमेकांकडेच बघत. म्हातारी माणसे पुढे बसत आणि आपली जुनी शाळा, जुने ऑफिस शोधत. लहान मुले इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून त्याची थरथर अंगात घेत. माझे कौतुक करायला कोणी कंजुषी केली नाही.

मला चालवायला कप्तान होते. ते शब्दाला फार महाग. 'हं' आणि 'बरं' यांच्यावर त्यांचा अख्खा दिवस निघायचा. त्यांची सगळी कसर भरून काढायला माहितीबाई होत्या.

त्यांचे खरे नाव मी कधी ऐकले नाही. हातात माइक घेऊन शहराची माहिती सांगतात म्हणून त्या माहितीबाई. वयाने चाळिशीच्या, अंगाने किरकोळ, पण आवाज असा की माझ्या छतावरचे दोन कर्णे बंद पडले तरी काम अडायचे नाही. दीपगृहापासून त्या सुरुवात करत. मग धान्याची जुनी गोदामे, गोदीतला घड्याळाचा मनोरा, पाटीवरचे एक अक्षर कायमचे विझलेले मोठे हॉटेल, आणि मग काचेच्या उंच इमारतींची रांग. तिथे त्या म्हणत, "या इमारतींच्या आतून सगळ्यात सुंदर समुद्र दिसतो. पण आत बसणाऱ्यांचं तोंड कॉम्प्युटरकडे आणि पाठ इकडे. म्हणजे समुद्र आपल्यालाच बघायला मोकळा." लोक हसत. रोज तेच वाक्य, आणि तरी रोज त्या अशा सांगत की जणू आत्ताच सुचले.

काचेच्या इमारतींच्या पुढे किनारा जरा समुद्रात घुसला आहे. त्याच्या टोकाशी पाण्याखाली खडक आहेत. खूण म्हणून तिथे एक लाल पिंप तरंगत ठेवले आहे. तिथे आले की कप्तान वेग कमी करत, लहान होड्यांना सावध करायला भोंगा वाजवत आणि त्या पिंपावरची नजर काढत नसत. आणि नेमके तिथेच, दोन टोलेजंग इमारतींच्या मधे अंग चोरून उभी असलेली एक जुनी, बुटकी इमारत होती. तिच्या तिसऱ्या मजल्यावर बाई आणि त्यांची आई राहत. दोघीच. बाईंनी लग्न केले नव्हते, आणि धाकटा भाऊ नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला होता. इमारतीतल्या बाकीच्या खोल्यांत हळूहळू ऑफिसे आली होती.

भोंगा ऐकला की आई गॅलरीत येई आणि हात हलवी. सुरुवातीला ती रुमाल हलवायची, पण एवढ्या लांबून तो दिसत नसे. मग तिने उशीचा पांढरा अभ्रा काढला. बाई माइकवर सांगत, "आता डावीकडे बघा. दोन उंच इमारतींच्या मधे ती बुटकी इमारत दिसतेय? तिसरा मजला. गॅलरीत पांढरं काहीतरी हलतंय ना? ती माझी आई. आणि ते पांढरं म्हणजे माझ्या उशीचा अभ्रा. हात हलवा बघू सगळ्यांनी. अजून जोरात. कमी लोकांनी हलवला तर घरी गेल्यावर मला बोलणी बसतात."

मग काय विचारता! सगळी बोट उठून डावीकडे यायची. ज्यांना दीपगृहाचे काही वाटले नव्हते, मनोऱ्याचे काही वाटले नव्हते, तेही उठायचे. चेहरे उजळायचे. मी डावीकडे कलायचे, पाणी कठड्याच्या जवळ यायचे आणि कप्तान पुढून म्हणायचे, "बाई, माणसं आवरा." खरे सांगते, मला ते कलणे आवडायचे. एवढ्या माणसांचा लोभ एकाच बाजूने अंगावर यायचा, आणि तो कोणा अनोळखी म्हातारीसाठी असायचा.

पहिल्यांदा बाईही लोकांबरोबर कठड्याशी धावत आणि दोन्ही हात हलवत. पण एकदा एका गृहस्थाने लेकाला खांद्यावर बसवले, मी कलले, त्याचा पाय घसरला आणि पोरगे कठड्याबाहेर गेले. बाईंनी त्याची कॉलर धरली म्हणून बरे. त्या दिवसापासून बाईंनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. ते वळण आले की त्या शहराकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभ्या राहत. कोण कठड्यावर चढतोय, कोणाचे मूल वाकतेय, ते बघत आणि तोंडाने हात हलवायला सांगत.

"तुम्हाला आई दिसत नाही मग," एक प्रवासी आजोबा एकदा म्हणाले.

"दिसते की. तुमचे हात वर गेले की मला आई दिसली," बाई म्हणाल्या.

हे त्या गमतीने म्हणाल्या, पण पुढे तेच खरे होऊन बसले. सकाळी घरातून निघताना मायलेकींचा ठराव असे: अभ्रा हलला म्हणजे सगळे ठीक. इतर घरांत दुपारी फोन करून विचारतात, जेवलीस का, बरी आहेस का. यांच्याकडे फोन होता, पण तो स्वयंपाकघरात चार्जिंगला पडलेला असे. यांचा खरा फोन म्हणजे तो अभ्रा. दर फेरीला लोकांचे हात वर जात आणि बाई निर्धास्त होत.

आईचे वय वाढत चालले. एकदा भाऊ आला आणि तिकीट काढून माझ्यावर बसला. फेरी संपल्यावर माणसे उतरली, तो मात्र मागच्या बाकावर बसून राहिला.

"ताई, आईला मी घेऊन जातो," तो म्हणाला. "दिवसभर एकटी असते. पडली-बिडली तर बघायला कोण आहे?"

"एकटी कुठे? दर फेरीला लक्ष असतं माझं."

"तुझं कुठे? तुझी तर पाठ असते तिकडे."

"माझी असेल. पण एवढी माणसं बघतात ना. तुझ्याकडे कोण बघणार? तुम्ही दोघं नवरा-बायको सकाळी बाहेर पडता ते दिवेलागणीला येता. इथे आईवर सगळ्या बोटीचे डोळे असतात. आत्ता तू नाही बघितलंस तिला?"

"बघितलं."

"मग? ठणठणीत आहे ना?"

भाऊ हसला. "तुझ्यापुढे बोलून कोणाची डाळ शिजलीय?" म्हणाला आणि गेला. आईलाही जायचे नव्हतेच. समुद्र आणि लेक यांपैकी एकही सोडायला ती तयार नव्हती. अशी ती राहिली, आणि तिच्या राहण्याचा सगळा भार त्या हात हलवण्यावर आला.

मधल्या काळात मोठे मालक वारले आणि धाकटे मालक आले. ते वाईट नव्हते, पण त्यांना माझ्याकडे बघितले की खर्च दिसे. मिस्त्रींच्या हातोडीचा आवाज बंद झाला. तळाला दर वर्षी लागणारी राळ दोन वर्षांनी लागू लागली, मग तीही चुकली. शेजारी काचेच्या खिडक्यांची, गार हवेची एक नवी बोट आली. तिच्यात बसून लोक शहराऐवजी आपले प्रतिबिंबच बघतात, पण ते असो. माझ्याकडे येणारे लोक येत ते बाईंसाठी आणि त्या गॅलरीसाठी. हे धाकट्या मालकांच्या लक्षात आले होते. एका हिवाळ्यात बाईंचा घसा बसला, तेव्हा त्यांनी लगेच एक माणूस आणला, रिकाम्या बोटीत बाईंना बसवले आणि त्यांची सगळी माहिती रेकॉर्ड करून घेतली. असू दे हाताशी, म्हणाले. बाईंनाही ती गंमत वाटली. रिकाम्या बाकांपुढे 'ती माझी आई' म्हणताना त्यांना हसू फुटले, आणि ते हसूही त्यात राहिले.

आता त्या दिवसाचे सांगते. सुट्टीचा दिवस होता. त्यामुळे बुटक्या इमारतीतली ऑफिसे बंद होती, आणि माझ्यावर मात्र तिळाएवढी जागा नव्हती. ऊन स्वच्छ होते, वारा चांगला सुटला होता. पहिल्याच फेरीला लाल पिंपाशी आलो, भोंगा वाजला आणि बाईंनी शहराकडे पाठ केली.

"तिसरा मजला. गॅलरीत पांढरं काहीतरी हलतंय ना? ती माझी आई."

पांढरे हलत होते. पण ते दोरीवर हलत होते. अभ्रा धुऊन वाळत घातला होता आणि वाऱ्याने फडफडत होता. त्याच्या मागे गॅलरीचे दार अर्धवट उघडे होते आणि आत अंधार होता. आई नव्हती.

लोकांना कुठे एवढे कळणार? त्यांना पांढरे हलताना दिसले. हात वर गेले. मी डावीकडे कलले. कठड्याशी एक लहान मुलगी उभी होती, दोन वेण्यांची. ती डोळ्यांवर हाताची सावली धरून बघत होती.

"आई, तिथे आजी नाहीये," ती म्हणाली. "नुसतं वाळत घातलंय."

"गप गं. सगळे हलवतायत ना? तू पण हलव," तिची आई म्हणाली.

मुलीने पुन्हा एकदा वर बघितले. मग आजूबाजूच्या मोठ्या माणसांकडे बघितले. एवढी माणसे चुकत असतील असे तिला वाटले नसावे. तिने हात वर केला आणि हलवला. बाईंनी समोर वर गेलेले हात बघितले, त्यांतला तिचाही हात बघितला आणि हसून त्या पुढच्या इमारतीकडे वळल्या.

मित्रांनो, मला आवाज आहे तो फक्त भोंग्याचा, आणि त्याची साखळी कप्तानांच्या हातात. कप्तानांची नजर पिंपावर, बाईंची नजर लोकांवर आणि लोकांची नजर एका अभ्र्यावर. दुसऱ्या फेरीलाही दोरीवर तोच अभ्रा होता. तिसऱ्या फेरीला तो वाळून हलका झाला होता आणि अधिकच जोरात फडफडत होता, म्हणून लोकांनीही जास्त जोरात हात हलवले.

दुपारी डबा उघडताना बाई कप्तानांना म्हणाल्या, "आज आईला फोन करावा म्हणत होते. सकाळी पाय दुखतोय म्हणाली. पण बघितलंत ना, लोक काय उत्साहाने हलवत होते? म्हणजे तीही रंगात आलेली दिसतेय."

"हं," कप्तान म्हणाले.

संध्याकाळी बाईंनी धक्क्यावर उडी मारली, कोपऱ्यावरच्या बेकरीतून आईला चावेल असा मऊ पाव घेतला आणि गर्दीत दिसेनाशा झाल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. धाकट्या मालकांनी रेकॉर्ड लावले. कर्ण्यांतून बाईंचा आवाज आला आणि बाई नव्हत्या, असे पहिल्यांदाच झाले.

त्या आल्या त्या दीड-दोन महिन्यांनी. तोवर आई गेली होती. काय घडले ते त्यांनी मागच्या बाकावर बसून कप्तानांना सांगितले, ते मी ऐकले. सकाळी आईने अभ्रा वाळत घातला. त्याचे पाणी फरशीवर ठिबकले. आत वळताना तिचा पाय त्या पाण्यावरून सरकला आणि खुब्याचे हाड मोडले. दिवसभर ती दाराशी, गार फरशीवर पडून होती. हाड डॉक्टरांनी बसवले असते, पण छाती कफाने भरली ती भरलीच.

"तिला सगळं ऐकू येत होतं, कप्तान," बाई म्हणाल्या. "भोंगा ऐकू येत होता. माझं बोलणं ऐकू येत होतं. मी लोकांना हात हलवा म्हटलं की ती पडल्या पडल्या हात वर करायची. म्हणाली, मला वाटलं, कठड्यावरून दिसेल तेवढा."

कप्तानांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी तिला विचारलं, हाका का नाही मारल्यास? तर म्हणाली, मारल्या गं. पण तेव्हा तू बोलत होतीस."

धक्क्यावर गाडीवाले ओरडत होते. कुठेतरी मालाची पेटी आपटल्याचा आवाज आला.

"भाऊ भांडेल असं वाटलं होतं," बाई पुन्हा बोलू लागल्या. "भांडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, ताई, मी तुझ्या बोटीवर बसलो होतो ना, त्या दिवशी मीसुद्धा आईला बघितलं नव्हतं. पांढरं काहीतरी दिसलं, सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. स्वतःच्या आईला, कप्तान."

"मी पिंप बघत होतो, बाई," कप्तान म्हणाले.

"तुम्ही तेच बघायचं असतं."

बाईंनी पुन्हा माइक हातात घेतला. दीपगृह, गोदामे, मनोरा, सगळे नीट सांगितले. काचेच्या इमारतींचा विनोदही केला. पण पिंपाशी भोंगा वाजला आणि त्यांचा आवाज गेला. काही जुने प्रवासी होते. त्यांना ते ठिकाण ठाऊक होते. कोणी न सांगताच त्यांनी हात वर केले, आणि त्यांचे बघून इतरांनी केले. बाई गर्रकन वळल्या. ती शिस्त लावून घेतल्यापासून प्रथमच त्यांनी लोकांकडे पाठ केली आणि गॅलरीकडे तोंड.

"तिथे कोणी नाहीये," त्या म्हणाल्या. "हात खाली घ्या."

मग हे रोजचेच झाले. ते वळण आले की त्या शहराकडे तोंड करून उभ्या राहत आणि गॅलरी नजरेआड होईतो मागे बघत नसत. त्यांच्या पाठीमागे पोरे कठड्यावर चढत. कप्तान ओरडत, "बाई, माणसं." पण बाईंना ऐकू येत नसे. शेवटी धाकट्या मालकांनी त्यांना बाजूला घेतले. ते रागावले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. थोडे दिवस घरी आराम करा, एवढेच म्हणाले.

"थोडे दिवस कशाला?" बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे माझा आवाज आहे. तो लावा." त्यांनी आपला डबा उचलला, माइक बाकावर ठेवला आणि फळीवरून उतरून गेल्या. त्यानंतर त्यांचे पाऊल माझ्यावर पडले नाही.

आवाज मात्र राहिला. दर फेरीला कर्ण्यांतून बाई सांगू लागल्या, तिसरा मजला, पांढरं काहीतरी हलतंय ना, ती माझी आई. आणि मग ते हसू. कप्तानांनी आयुष्यात कधी मालकांकडे काही मागितले नव्हते. ते ऑफिसात गेले आणि म्हणाले, "तेवढं वाक्य काढून टाका."

"तेवढ्यासाठीच तर लोक येतात, कप्तान," मालक म्हणाले. "ते काढलं तर उरलं काय? इमारती तर रस्त्यावरूनही दिसतात."

कप्तान 'बरं' म्हणाले आणि परत आले. त्या दिवशी त्यांनी मला धक्क्याला इतकी हळू लावली की दोर बांधणाऱ्याला कळलेसुद्धा नाही.

असेच काही आठवडे गेले. एका दुपारी आम्ही पिंपाशी आलो, भोंगा वाजला, आणि गॅलरीत कोणीतरी होते. मी आधी ओळखले नाही. मग ओळखले. बाई होत्या. बुटकी इमारत पाडून तिथे उंच इमारत होणार होती, म्हणून त्या खोली रिकामी करायला आल्या होत्या. दाराशी खोकी रचलेली होती. त्या गॅलरीतली दोरी सोडत होत्या.

कर्ण्यांतून त्यांचाच आवाज पाण्यावरून त्यांच्याकडे गेला. "ती माझी आई. हात हलवा बघू सगळ्यांनी. अजून जोरात."

माझ्यावरची सगळी माणसे उठली. मी डावीकडे कलले. हात वर गेले. बाई दोरीचे टोक हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. रोज आईला काय दिसत असेल, ते त्या पहिल्यांदा बघत होत्या: एक लहानशी पांढरी बोट, एका अंगावर झुकलेली, आणि तिच्यावर माणसांपेक्षा जास्त हात. कप्तानांनी त्या दिवशी पिंपावरची नजर काढली. उभे राहून त्यांनी गॅलरीकडे बघितले आणि मला जवळजवळ थांबवले.

मग बाईंनी हात वर केला आणि हलवला. आम्ही वळण ओलांडून जाईपर्यंत त्या हलवत होत्या.

"आहे हो खरंच," माझ्यावरचे एक गृहस्थ खूश होऊन म्हणाले. "मला वाटलं, उगाच सांगतात."

"पण आई म्हणण्याइतकी म्हातारी नाही वाटत," त्यांची बायको म्हणाली. "अंगाने बारीक आहे म्हणून असेल."

बाई भावाच्या शहरात गेल्या, असे नंतर धक्क्यावर कळले. तिथे समुद्र नाही. कप्तानही आता कामावर नाहीत. त्यांच्या जागी आलेला तरुण चांगला आहे, पण फोनवर बोलत बोलत चालवतो. माझी डावीकडची फळी इतक्या वर्षांच्या कलण्याने सांध्यातून सुटली आहे. मालकांनी एका सुताराला बोलावले होते. त्याने हातोडी न वाजवताच मान हलवली. या हंगामानंतर मला वाळूवर ओढून ठेवणार आहेत, आणि वाळूवर ओढलेल्या बोटीचे पुढे काय होते ते तुम्ही किनाऱ्यावर बघितलेच असेल.

तोवर माझ्या फेऱ्या चालू आहेत. बुटक्या इमारतीवर आता वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी चढली आहे. आत गॅलरी उरली आहे की नाही, तेही दिसत नाही. वारा आला की जाळी हलते. कर्ण्यांतून बाई सांगतात आणि हसतात, लोक उठून डावीकडे येतात आणि त्या जाळीकडे बघून हात हलवतात. अगदी मनापासून हलवतात. मला त्यांचा राग येत नाही, पण आता ते ओझे अंगावर घेववत नाही.

मित्रांनो, माझी फळी बदला, मला रंग द्या, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे जे व्हायचे ते होईल. पण तुमच्या घरातही कोणी असेल, जिन्यावर, खिडकीत, फाटकाशी, जाणाऱ्याला हात करणारे. तुम्हीही शाळेत जाता जाता न बघता हात करत असाल. एक क्षण थांबून वर बघत जा. माणूस आहे का, हे बघा. आणि कधी तिथे नुसते कापड दिसले, तर मोठी माणसे गप बस म्हणतील, सगळे हात हलवत असतील, तरी आपला हात खाली ठेवा आणि मोठ्याने सांगा. त्या वेण्यांच्या मुलीला बरोबर दिसले होते. ती एकदा म्हणाली. तुम्ही दोनदा म्हणा.